मुठीएवढा भात

हे लिहावे की नाही, या विचारात माझे बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि तोही चढताना दोनदा ठेचकाळलेला. दुसऱ्या माणसाविषयी लिहिण्याचा अधिकार कुठून मिळतो ते मला माहीत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना अक्षरओळख नव्हती. मी काही चुकीचे लिहिले तर 'असं नव्हतं जी' असे ते मला सांगू शकणार नाहीत. त्याबद्दल त्यांची आणि वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो.

त्यांचे नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणत असू. मला त्यांचा हेवा वाटत असे, हेही आताच सांगून ठेवतो. साठीला टेकलेल्या, पुढचे दोन दात नसलेल्या एका कल्हईवाल्याचा कॉलेजात जाणाऱ्या तरुणाने हेवा करावा, यात हसण्यासारखे आहे. तेव्हा मला हसू आले नाही. अजूनही नीटसे येत नाही.

भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांची दुकाने आहेत, त्या बाजूच्या एका गल्लीत त्यांचे घर होते. पुढे ओसरी, ओसरीत भाता आणि लहानशी भट्टी, मागे दोन खोल्या. एकीत ते एकटे राहत, दुसरी आम्ही भाड्याने घेतली होती. मोहाडीजवळच्या गावाहून मी बी.ए. करायला आलो तेव्हा एकटाच होतो. लग्न मात्र मॅट्रिकनंतर लगेच झाले होते. मुलगी सात महिन्यांची झाली तरी अंगावरच्या दुधाशिवाय काही घेईना. बरगड्या मोजता येऊ लागल्या, तेव्हा बायको तिला घेऊन भंडाऱ्याला आली. दर पंधरा दिवसांनी सरकारी दवाखान्यात वजन करायचे ठरले. नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले, "नुसत्या दुधावर आता भागणार नाही. दूध चालू ठेवा, पण हिला खायला शिकवा." आणि माझ्या हातात एक पुस्तिका दिली.

पुस्तिका मिळाल्यावर मला धीर आला. छापलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास. कितव्या महिन्यात काय, किती चमचे, किती वेळा, असा एक तक्ता तिच्यात होता. तो मी वेगळ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवला आणि भाताच्या शितांनी भिंतीला चिकटवला. मग चमच्याने मोजून पेज, चमच्याने मोजून वरणाचे पाणी. मुलीने पहिला चमचा थुंकला, दुसरा अंगावर घेतला, तिसऱ्याला घर डोक्यावर घेतले. मी वेळ बदलली, चमचा बदलला, तक्ता पुन्हा वाचला.

"अहो, पोरगी काही परीक्षेले नाही बसली," बायको म्हणाली.

पाचव्या-सहाव्या दिवशी काकाजी दारात येऊन उभे राहिले. तोपर्यंत त्यांचा आणि माझा संबंध नमस्कारापुरताच होता.

"काय वाचून राहिले जी कॉलेजवाले?"

मी सांगितले. ते उकिडवे बसले आणि म्हणाले, "मलेही ऐकवा." मी भिंतीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून सगळा ऐकला.

"चांगलं लिहिलं आहे," ते म्हणाले. "पण हे कोणाच्या लेकराचं आहे?"

"कोणाच्या म्हणजे? सगळ्यांच्याच."

"मंग याच्यात हिचं काय आहे?"

असे म्हणून त्यांनी मुलीचा हात आपल्या तळहातावर घेतला. तिची मूठ मिटलेलीच होती. बायकोकडून गरम भात मागून घेतला, बोटांनी लोण्यासारखा कुस्करला, त्याचा गोळा केला आणि तिच्या मुठीशेजारी धरून आम्हाला दाखवला.

"एवढ्यापासून सुरू. सकाळी एक, दुपारी एक, सांजेले एक. मूठ म्हणजे सुरुवात आहे, हद्द नाही. अजून मांगते तर द्या, नाही मांगत तर उठा. मूठ वाढन तसा गोळा वाढवा."

पण तो घास त्यांनी दिला नाही. "उष्टावण झालं का हिचं?" असे विचारले. ते झाले नव्हते. आमच्याकडे पहिला घास मामाने द्यायचा असतो आणि माझ्या बायकोला भाऊ नाही. नात्यातल्या कोणत्या मामाला पाटावर बसवायचे यावर दोन्ही घरांत महिनाभर वाद चालला होता आणि तोवर मुलगी बिनघासाची राहिली होती. हे सांगताना मला लाज वाटली.

"मी होतो मामा," काकाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते धुतलेले धोतर नेसून पाटावर बसले. मुलीला मांडीवर घेतले आणि दुधातल्या भाताचा चिमूटभर घास तिच्या ओठांजवळ नेऊन थांबले. नुसते थांबले. ती रडली नाही, त्यांच्या मिशांकडे पाहत राहिली. मग तिनेच मान पुढे केली.

त्या दिवसापासून ते मला 'भाऊजी' म्हणू लागले. मेहुण्याचे नाते जडले होते ना. साठीचा माणूस एकवीस वर्षांच्या पोराला गल्लीभर 'काय भाऊजी' करून हाक मारी आणि शिंपीणबाई मशीन थांबवून हसत.

शिंपीणबाई शेजारच्याच घरात राहत. त्यांचा दहा महिन्यांचा मुलगाही काकाजींच्या पंगतीला असे. पंगतच म्हणावी लागेल. रोज पाच वाजता भात्याचा आवाज बंद व्हायचा. काकाजी चिंचेने हात घासायचे, मग राखेने, मग पाण्याने तीनदा. ओसरीवर पोते अंथरले जायचे आणि गल्लीतली तीन-चार लेकरे आपापल्या आयांबरोबर हजर व्हायची. प्रत्येकीने घरचे अन्न आणायचे, चारणार काकाजी.

त्यांचे नियम विचित्र होते आणि ते कोणाच्या बापाचे ऐकत नसत. रेडिओ बंद. टाळ्या वाजवायच्या नाहीत. घास चिऊचा, घास काऊचा तर मुळीच म्हणायचे नाही. "चिऊले कायले आणता मधात? भूक लेकराची आहे, चिऊची नाही." लेकराला निजवून चारायचे नाही, बसवून चारायचे. एक नवी वस्तू दिली की तीन दिवस दुसरी नवी नाही. नव्या धानाचा तांदूळ होळीपर्यंत लेकराला बंद. लाखोळीची डाळ आमच्याकडे सगळे खातात, पण लेकराच्या वाटीत दिसली तर ते वाटी परत करत. मूग चाले, तुपाचा थेंब चाले, उकडलेले कोहळे, रताळे, तलावातले शिंगाडे उकडून कुस्करलेले चालत. वरणाचे वरचे पाणी कोणी आणले की म्हणायचे, "पाणी कायले पाजता? डाळ खाली बसली आहे. ते तुमी खासान आन लेकराले पाणी? खालचं आणा."

पोट भरले हे ते पायांवरून ओळखत. "तोंडाकडं कायले पाहता? पायाची बोटं पाहा. हालून राहिली तर भूक आहे. थांबली का पंगत उठली." मी पुढे पुष्कळ लेकरांची बोटे पाहिली. कधी खरे निघते, कधी नाही. त्यांचे मात्र चुकलेले मी पाहिले नाही.

एकदा सरकारी क्वार्टरमधल्या एक बाई रिक्षा करून आल्या. लेकरू चांगले गुटगुटीत, बरोबर पावडरचा डबा. म्हणाल्या, हा काही खातच नाही. काकाजींनी लेकराला मांडीवर घेतले, पायांकडे पाहिले आणि परत दिले. "याले भूक नाही, बाई. भूक तुमाले आहे. तुमी जेवा."

त्या रागाने निघून गेल्या. मला आनंद झाला. कोणीतरी त्यांच्यावर रागावले याचा तो आनंद होता.

कारण तोपर्यंत माझे बिनसले होते. मुलीचे वजन वाढत होते. नर्सबाईंनी कार्डावर नवा आकडा लिहिला आणि विचारले, "छान. कोण चारतं हिला?"

"आमचे काकाजी," बायको म्हणाली.

कार्ड धरून मी शेजारीच उभा होतो. तक्ता मी केला होता, दवाखान्याची रांग मी लावली होती, जुना तांदूळ गावाहून डोक्यावर मी आणला होता. वाटेत मी बायकोशी बोललो नाही. तिला ते कळलेही नाही, ती मुलीशी बोलत होती.

खरा घाव दुसराच होता. मुलगी रांगायला लागली. मी तिला मांडीवर घेऊन वाचत बसे. पाच वाजता भाता थांबला की ती कान टवकारी, माझ्या मांडीवरून उतरे आणि उंबरा ओलांडून ओसरीकडे निघे. माझ्याकडे वळूनही पाहत नसे. मी तिचा बाप होतो आणि माझ्या हातचा एक घास तिने कधी घेतला नव्हता. बायकोच्या हातचा सकाळी थोडा घेई. माझ्या हातचा शून्य.

मी विचार केला की हा वासाचा प्रकार असावा. काकाजींच्या हाताला कायम चिंचेचा वास यायचा. एके दिवशी बायको नळावर गेली असताना मी दार लावले आणि बोटे चिंचेने घासली, मग राखेने. भाताचा गोळा केला. मुलीने माझे बोट चाटले, तोंड वाकडे केले आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहू लागली. दारात बायको घागर घेऊन उभी होती.

"काय करून राहिले?"

"हात धुऊन राहिलो."

"चिंचेनं? तुमी का पितळेचे आहे का?"

ती घागर खाली ठेवून हसली. संध्याकाळी तिने ते ओसरीवर सांगितले, शिंपीणबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. काकाजी हसले नाहीत.

"भाऊजी," ते म्हणाले, "लेकरू वास नाही पाहत. हात थांबते का, ते पाहते. तुमचा हात तिच्या तोंडामागं धावते. एक दिवस थांबून पाहा."

बरोबर बोलत होते ते. मला तेव्हाच कळले होते की बरोबर आहे. आणि नेमके त्याच कारणाने मी त्यांचे ऐकले नाही.

त्याच दिवसांत मला त्यांच्या या छंदाचे कारणही कळले. एक मुलगा होता त्यांना, नागपूरला कारखान्यात. "त्याले मी लहानपणी एक घास नाही चारला," भांड्याला कथील फिरवता फिरवता ते म्हणाले. "तेव्हा दिवसभर भट्टी, बाजाराच्या दिवशी गावोगाव. घरी येवो तं पोरगा झोपला राहे. आता त्याच्या लग्नाले सहा वर्षं झाले, अजून पाळणा नाही. पण हालन पाळणा. त्यानं कबूल केलं आहे, पहिला घास तुमीच द्याल म्हणून. तोवर हात तयार पाहिजे ना जी."

म्हणजे गल्लीतली सगळी लेकरे ही त्यांची तालीम होती. दुसऱ्या कोणाला हे ऐकून भरून आले असते. माझ्या मनात आले, माझी मुलगी यांनी सरावाला घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी मी बिस्किटांचा पुडा आणला.

चार वाजता बायको नळावर जाई, तिथे रांग असे, पाऊण तास सहज जाई. मी दुधात साखर घालून दोन बिस्किटे भिजवली. मुलीने पहिला घास घेतला, थबकली, आणि दोन्ही हातांनी माझे मनगट धरले. ती माझ्याकडे पाहून हसली. तोंडाला बिस्किटाचा लगदा, आणि हसली. त्या क्षणी मला जे वाटले ते मी खोटे कसे म्हणू? मी दुसऱ्या दिवशीही तेच केले. तिसऱ्या दिवशी तीन बिस्किटे झाली.

पाच वाजता ती ओसरीवर गेली आणि काकाजींच्या घासाला तिने तोंड फिरवले.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "दात येऊन राहिले असन." दुसऱ्या दिवशी हिरड्या पाहिल्या. तिसऱ्या दिवशी कानामागे हात लावून ताप पाहिला. चौथ्या दिवशी शिंगाडे आणले. पाचव्या दिवसापासून त्यांनी तंबाखू बंद केली, बोटांना वास राहत असेल म्हणून. चिंच, राख, पाणी, पुन्हा चिंच, असे ते हात घासत बसत. मी खोलीत पुस्तक उघडून बसलेला असे आणि मला ते घासणे ऐकू येई. कधी बरे वाटे, कधी पान उलटायचे राही.

मग शिंपीणबाईंच्या मुलाला सर्दी झाली. नाक चोंदलेले, त्यानेही दोन दिवस घास घेतला नाही. सर्दीत लेकरे खात नाहीत हे काकाजी स्वतःच सगळ्यांना सांगत. पण त्या दिवशी त्यांनी हात वाटीतच ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"हाताचा गुण गेला," ते म्हणाले.

"काही तरी बोलता काकाजी," शिंपीणबाई म्हणाल्या. "सर्दी आहे त्याले."

"ह्या पोरीले तं नाही ना सर्दी."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता भाता थांबला नाही. आया लेकरे घेऊन आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

त्याच आठवड्यात दवाखान्याची पाळी होती. काटा मागच्याच आकड्यावर थांबला. नर्सबाईंनी विचारले, "मधे काही गोडधोड देता का?" मी नाही म्हणालो. बायकोनेही नाही म्हटले, तिचे खरे होते. घरी आल्यावर उरलेला पुडा मी कागदात गुंडाळून दूर नेऊन टाकला. चार दिवसांनी मुलीला पुन्हा भूक लागू लागली. ती आईच्या हातून मुठीएवढा भात खाऊ लागली, पुढे दीड मूठ. बायकोचा हात थांबत असे. तिने ते ओसरीवर बसून शिकून घेतले होते. माझ्यापाशी साखर नसल्यावर मुलगी माझ्याकडे आली नाही.

काकाजींना जाऊन सांगायचे, असे मी रोज ठरवी. दोन वाक्यांचे काम होते. पण ती दोन वाक्ये सांगायची तर चिंचेवर हसलेली सगळी गल्ली पुन्हा ऐकणार. आणि दुसरे कारण याहून वाईट होते. पाच वाजता ओसरी रिकामी असे, मुलगी घरात असे, आणि मला ते आवडत होते.

एप्रिलमध्ये परीक्षा दिली. इंग्रजीत नापास झालो. मोहाडीत कारकुनाची जागा मिळत होती ती धरली. निघायच्या दिवशी ट्रंक दारात ठेवून मी ओसरीवर गेलो. ते एका घागरीचा पोचा काढत होते.

"चालले का भाऊजी?"

"हो. काकाजी, मला एक सांगायचं होतं."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. इतक्या सरळ नजरेने पाहिले की मी म्हणालो, "मुलगी आता चांगली खाते."

"मले माहीत आहे. ऐकू येते ना." मग म्हणाले, "वर्षाची होईल आता. आता तिच्या हातानं खाऊ द्या. सांडन, केसाले लावन, लावू द्या. तुमच्या ताटातलंच द्या, तिखट काढून. आन दुसऱ्याच्या हाताची सवय नका लावू." हातोडी पुन्हा उचलून म्हणाले, "जा, बस सुटन तुमची."

त्यानंतर सहा-सात वर्षे गेली. भंडाऱ्याला कामासाठी अनेकदा जाणे झाले, त्या गल्लीत झाले नाही. मुलगी शाळेत जाऊ लागली. काकाजी तिला आठवत नव्हते. मी पुन्हा बी.ए.ला बसलो, यावेळी बाहेरून.

मागच्या महिन्यात मोहाडीच्या बाजारात शिंपीणबाई भेटल्या. बहिणीकडे आल्या होत्या. बायको त्यांना पाहून धावलीच.

"काकाजी कसे आहे?" तिने पहिले तेच विचारले.

"गेले ना ते. उन्हाळ्यातच. तुमाले नाही समजलं?"

आम्ही तिघे भाजीच्या रांगेतून बाजूला झालो. बायकोने विचारले, "आन नातू? पोराच्या घरी झालं का काही?"

"झालं ना. मागच्या दिवाळीत. मुलगा झाला." शिंपीणबाईंनी पिशवी खाली ठेवली. "तुमच्या पोरीनंतर त्याईनं कोण्याच लेकराले घास नाही दिला बाई. माझ्या दुसऱ्याच्या वेळी मी किती म्हटलं, नाहीच."

इथे माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते लपवले तर एवढे लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मुलीनंतर दुसरे कोणतेही लेकरू त्यांचे झाले नाही, असे मनात आले, आणि क्षणभर बरे वाटले. मग शिंपीणबाई पुढे बोलू लागल्या.

"पोरगा नागपूरहून लेकराले घेऊन आला, उष्टावणाले. मामाले सुद्धा नाही बोलावलं, म्हणे पहिला घास माझ्या बापाचाच. पाट मांडला, वाटी ठेवली. काकाजीनं हात धुतले. पाटावर बसले. लेकरू मांडीवर दिलं, आन ते काही हातच नाही उचलत. पोरगा पाया पडला. म्हणे, बाबा, मी तीस वर्षं थांबलो. तरी नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. म्हणे, माझ्या हातचं लेकरू खात नाही, तूच चार."

बायको माझ्याकडे पाहत होती. मी तिला अजून काही सांगितलेले नव्हते.

"मंग?" तिने विचारले.

"मंग काय. पोरानंच चारलं," शिंपीणबाई म्हणाल्या. "लेकरू भुकेलं होतं. कोणाच्याही हातचं खाल्लं असतं."